घरी सुशी करायची? आधी भात शिका

मी पहिल्यांदा घरी सुशी, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताचा जपानी पदार्थ, करायला घेतली तेव्हा सगळी धावपळ मासळीसाठी केली. कुठली आणायची, किती ताजी हवी, कशी कापायची. भाताचा विचारच केला नाही. घरात होता तो लांब दाण्याचा तांदूळ शिजवला, वर व्हिनेगर ओतलं आणि गुंडाळायला बसले. सुरी लावली आणि गुंडाळी उसवली. शितं एकीकडे, काकडी दुसरीकडे, आणि मधे ओल्या कागदासारखं लोंबणारं शेवाळ. शेवटी तो सगळा पसारा वाडग्यात घालून चमच्याने खाल्ला. चव वाईट नव्हती, पण ती सुशी आहे असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

चूक कुठे झाली हे पुढे एका जपानी म्हणीने कळलं. सुशी करणारे कारागीर म्हणतात, ‘शारी सहा, नेता चार’. शारी म्हणजे सुशीचा भात. नेता म्हणजे पुढारी नव्हे, तर भातावर किंवा भाताच्या पोटात जाणारा जिन्नस. ‘बी’, ‘मूळ माल’ अशा अर्थाचा ‘ताने’ हा शब्द उलटा करून कारागिरांनी तो आपसात रूढ केला. म्हणजे सुशीच्या दहा आण्यांतले सहा आणे भाताचे आणि मासा-बिसा उरलेल्या चारांत. ‘शारी’ची गंमत आणखी वेगळी. बौद्ध परंपरेत बुद्धाच्या अस्थींना ‘शरीर’ म्हणतात. तो शब्द चीनमार्गे जपानला जाऊन ‘शारी’ झाला, आणि पांढरेशुभ्र दाणे त्या अस्थिकणांसारखे दिसतात म्हणून भातालाही तेच नाव पडलं असं सांगतात.

‘सुशी म्हणजे कच्चा मासा’ हा गैरसमज इथेच मिटवू. भाताशिवाय नुसते कच्च्या मासळीचे काप असतील तर त्यांना साशिमी म्हणतात. ‘सुशी’ हा शब्द आला आहे तो ‘आंबट’ अशा अर्थाच्या जुन्या जपानी शब्दावरून. पूर्वी मासा मिठात मुरवून भातात दाबून ठेवत. भात महिनोन्‌महिने आंबत राही, त्या आंबटपणामुळे मासा टिके, आणि खायच्या वेळी भात बहुधा टाकून देत. बिवा सरोवराच्या काठी शिगा प्रांतात ‘फुनाझुशी’ नावाने हा प्रकार आजही करतात. त्याचा वास घेऊन पळ काढणारेही पुष्कळ आहेत. पुढे माणसं उतावळी झाली. आंबायची वाट पाहण्यापेक्षा भातात सरळ व्हिनेगर घालू लागली. 1820च्या दशकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हातावर दाबून लगेच खायला देण्याची ‘निगिरी’ लोकप्रिय झाली. तिचं श्रेय साधारणपणे हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. तेव्हा ते रस्त्यावरचं, उभ्याउभ्या खायचं खाणं होतं. आज आपण भातात व्हिनेगर घालतो ते त्या महिन्यांच्या आंबण्याची जागा काही मिनिटांत भरून काढायला.

म्हणून लेखाचा मोठा वाटा भाताला.

तांदूळ आखूड दाण्याचा, जपानी जातीचा हवा. कारण पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये, आहे. तांदळाच्या पिष्टात मुख्यतः दोन घटक असतात. अमायलोज हा सरळ साखळीसारखा, अमायलोपेक्टिन हा फांद्याफांद्यांचा. लांब दाण्यात अमायलोज जास्त, म्हणून भात मोकळा होतो, शीत न्‌ शीत वेगळं. आखूड जपानी दाण्यात अमायलोज कमी असल्याने शितं एकमेकांना धरतात, तरीही प्रत्येक शीत आपला आकार राखून असतं. आपल्याला नेमकं हेच हवं. कोशिहिकारी ही जपानमधली सगळ्यात नावाजलेली जात, तिला हे नाव 1956 साली मिळालं. ती नसेल तर मध्यम दाण्याचा कॅलिफोर्नियातला कॅलरोझ चांगलं काम देतो. एका गोष्टीत मात्र फसू नका. पाकिटावर ‘चिकट तांदूळ’ लिहिलेला, दुधी रंगाचा तांदूळ येतो, तो मोची नावाच्या चिकट जपानी वड्यांचा. त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच. त्याचा भात लगद्यासारखा होतो आणि सुशी होत नाही.

प्रमाण 300 ग्रॅम तांदळाचं सांगते. दोन-तीन माणसांना पुरतं. जपानी राइस कुकरबरोबर येणारा कप 180 मिलीचा असतो, त्याने मोजलं तर हे दोन कप.

धुताना पहिलं पाणी घातल्या घातल्या ओतून द्या. कोरडा दाणा पहिलं पाणी सगळ्यात भराभर पितो, आणि ते गढूळ पाणी त्याने प्यायला नको. मग हलक्या हाताने चोळून तीन-चार पाणी काढा. दाणे मोडतील इतकं रगडायचं नाही, आणि पाणी आरशासारखं नितळ होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. मग निथळून, 340 ते 350 मिली पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा. एरवी खायच्या भाताला लागतं त्यापेक्षा हे पाणी थोडं कमी आहे. मागाहून व्हिनेगरचा ओलावा येणार आहे, त्याची जागा आधीच राखून ठेवायची. भिजवणं टाळलं तर दाणा बाहेरून मऊ आणि आत कचकचीत राहतो. कोंबू नावाच्या जाड समुद्री शेवाळाचा बोटभर तुकडा मिळाला तर या पाण्यात टाका आणि उकळी येताच काढून घ्या. नाही मिळाला तर काही अडत नाही.

घट्ट झाकणाच्या पातेल्यात उकळी आणायची, मग आच अगदी बारीक करून 12 मिनिटं, मग आच बंद करून 10 मिनिटं तसाच वाफेवर मुरू द्यायचा. उकळीला कोंबू काढायचा असेल तेवढं सोडलं तर या सगळ्या वेळात झाकण उघडून बघायचं नाही. मोह होतो, मला माहीत आहे.

भात मुरतोय तोवर व्हिनेगर तयार करा. 60 मिली तांदळाचं व्हिनेगर, 2 मोठे चमचे साखर, 1 लहान चमचा मीठ. साखर-मीठ विरघळेल इतपतच कोमट करायचं. उकळलं तर आंबटपणा वाफेबरोबर निघून जातो आणि स्वयंपाकघरात डोळे चुरचुरतात. बाटलीवर ‘सुशी व्हिनेगर’ असं लिहिलं असेल तर त्यात साखर-मीठ बहुधा आधीच घातलेलं असतं. ते न वाचता वर आणखी साखर घालणारे माझ्याशिवायही कुणी असतील अशी आशा आहे.

साखर फक्त चवीसाठी नाही. भात निवू लागला की पिष्टाचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट रचना करतात आणि पाणी बाहेर ढकलतात. शिळा भात टणक होतो तो यामुळेच. साखर पाणी धरून ठेवते आणि हा टणकपणा लांबवते. हीच क्रिया सगळ्यात वेगाने होते ती फ्रीजच्या तापमानाला. म्हणून सुशीचा भात फ्रीजमध्ये ठेवला की दोन-तीन तासांत त्याची रया जाते.

आता मिसळणं. भात कडकडीत गरम असतानाच पसरट भांड्यात काढा. जपानी कारागीर यासाठी हांगिरी नावाचं लाकडी टोप वापरतात. त्याला रोगण नसतं, त्यामुळे लाकूड जास्तीचा ओलावा शोषून घेतं. घरी काचेचं किंवा स्टीलचं रुंद भांडं चालेल. तांबं-ॲल्युमिनियम नको, व्हिनेगरशी त्यांचं पटत नाही. व्हिनेगर सगळीकडे शिंपडा आणि चपटी भातवाढी तिरकी धरून भात कापल्यासारखा करत उलटा. घोटायचं नाही. घोटलात की शितं फुटतात, पिष्ट बाहेर येतं आणि खळ तयार होते. व्हिनेगर सगळीकडे लागलं की मग पंखा घ्या, किंवा जाड पुठ्ठा, आणि वारा घाला. शितांवरचं जास्तीचं पाणी उडतं आणि भातावर तकाकी येते. शेजारी कुणी असेल तर एकाने ढवळावं, एकाने वारा घालावा. एकट्याने दोन्ही करणं म्हणजे कसरत.

भात तुमच्या अंगाइतका कोमट झाला की तयार झाला. ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं वर झाका आणि फ्रीजपासून लांब ठेवा. बाहेर ठेवलेला भात बिघडत नाही का, असा प्रश्न मनात येईल आणि तो यायलाच हवा. शिजलेल्या साध्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. व्हिनेगरमुळे भाताची आम्लता वाढते आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, पुरेसा खाली गेला की या जिवाणूंची वाढ थांबते. अमेरिकेतली रेस्टॉरंटं बाहेर ठेवलेल्या सुशीच्या भाताचा पीएच मोजतात ते याचसाठी. आपल्याकडे मोजायचं साधन नाही, तेव्हा दोन पथ्यं पाळा. आंबट आवडत नाही म्हणून व्हिनेगर अर्धं करू नका, आणि केलेला भात त्याच दिवशी, शक्य तर तीन-चार तासांत संपवा.

हे जमलं की निम्म्याहून जास्त सुशी झाली.

आता तो काळा-हिरवा कागद, नोरी. हे समुद्री शेवाळ असतं, कागदासारखं पातळ पसरून वाळवलेलं. प्रमाण आकार 21 सेंटीमीटर गुणिले 19 सेंटीमीटर. एक बाजू चकचकीत, एक खरखरीत. भात खरखरीत बाजूला लावायचा, म्हणजे चकचकीत बाजू बाहेर राहते. नोरीचा शत्रू दमटपणा. पाकीट उघडं राहिलं की ती चामड्यासारखी चिवट होते. तशी झाली तर मंद आचेवरून दोन-चार सेकंद नुसती फिरवा, पुन्हा कुरकुरीत होईल.

नोरीची एक हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपानमध्ये शतकानुशतकं नोरीची शेती व्हायची, पण तिचं बी कुठून येतं हे कुणालाच माहीत नव्हतं. पीक आलं तर आलं. कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश संशोधिकेने 1949 साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की या जातीचं शेवाळ आयुष्यातला एक टप्पा शिंपल्यांच्या कवचात, अगदी वेगळ्या रूपात काढतं. त्या रूपाला तोवर शास्त्रज्ञ वेगळीच वनस्पती समजत होते. या शोधावरून जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर बी तयार करण्याची पद्धत बसवली आणि नोरीची शेती भरवशाची झाली. कुमामोतो प्रांतातल्या उतो शहरात या बाईंचं स्मारक आहे आणि दर वर्षी 14 एप्रिलला तिथे लोक त्यांची आठवण काढतात. त्या स्वतः जपानला कधी गेल्याच नाहीत.

मासळीबद्दल मात्र सांभाळून बोलते. पहिल्या सुशीत कच्चा मासा घेऊ नका, असंच माझं मत आहे. समुद्री मासळीत अनिसाकिस नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात, आणि व्हिनेगर, मीठ, वासाबी (सुशीबरोबरची हिरवी झणझणीत चटणी) यांतल्या कशानेही त्या भरवशाने मरत नाहीत. जपानमध्ये व्हिनेगरात मुरवलेला बांगडा खाऊन त्रास झाल्याची उदाहरणं नेहमीची आहेत. त्या मरतात शिजवल्याने, नाहीतर कडक गोठवल्याने. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस अशी आहे. घरचा फ्रीझर बहुधा उणे 18च्या आसपास असतो आणि दार उघडलं की वर चढतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये. गोठवल्याने जंत मरतात, जिवाणू मरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. ‘ताजा आहे’ म्हणजे ‘कच्चा खाण्याजोगा आहे’ असं होत नाही. ‘सुशी ग्रेड’ या चिठ्ठीला अमेरिकेत कायद्याची व्याख्याच नाही, तेव्हा विकणाऱ्याला सरळ विचारा की कच्चं खाण्यासाठी हा मासा किती अंशाला, किती दिवस गोठवला होता. उत्तर देताना तो घुटमळला तर शिजवून खा. गोड्या पाण्यातली मासळी कच्ची खाऊच नये. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं यांना कुठलीच कच्ची नको.

सुशीवरचा सॅमन ही परंपरा वाटते ना? जपानी लोक जंतांच्या भीतीने आपल्याकडचा सॅमन कच्चा खात नसत. 1980च्या दशकात नॉर्वेने आपला समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळलेला सॅमन जपानी बाजारात खपवायला मोहीम काढली आणि बरीच वर्षं झटल्यावर तो सुशीवर चढला.

शिजवलेलं घालणं ही पळवाट आहे असंही मनात आणू नका. एदोत मासळी थंड ठेवायची सोय नव्हती. तिथले कारागीर कोळंबी उकडत, समुद्री वाम शिजवत, लहान मासे मीठ-व्हिनेगरात मुरवत, ट्यूना सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत. तेव्हा उकडलेली कोळंबी, गोडसर ऑम्लेटच्या पट्ट्या, काकडी, ॲव्होकाडो, डब्यातला ट्यूना मेयोनीजमध्ये कालवून, यातलं काहीही बिनधास्त घ्या. कोळंबी उकडताना पोटाकडून लांब काडी खुपसली तर ती वळत नाही, सरळ राहते. काकडीच्या बिया काढून टाका, पाणी सुटतं.

पहिल्या दिवशी करायची ती तेमाकी. ‘ते’ म्हणजे हात. अर्धी नोरी तळहातावर, डाव्या बाजूला मुठीपेक्षा कमी भात, त्यावर जिन्नस तिरके, आणि द्रोणासारखं वळायचं. चटई नको, सुरी नको. जपानी घरांतून पाहुणे आले की बहुतेक हाच बेत असतो. भात आणि जिन्नस मधे मांडतात, ज्याने त्याने आपली वळून घ्यायची. वळल्यावर लगेच खायची, नाहीतर दोन-चार मिनिटांत नोरी मऊ पडते.

गुंडाळी करायची हौस असेल तर सगळ्यात बारीक, एकाच जिन्नसाची होसोमाकी घ्या. काकडीच्या होसोमाकीला काप्पामाकी म्हणतात. काप्पा हा जपानी लोककथांतला पाण्यातला भुताटकीचा प्राणी, त्याला काकडी फार आवडते. एका भांड्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर व्हिनेगर घाला, बोटं त्यात ओली करून झटका. कोरड्या हाताला भात सोडत नाही आणि निथळत्या हाताने नोरी भिजते. बांबूच्या चटईवर अर्धी नोरी आडवी ठेवा. साधारण 80 ग्रॅम भात बोटांच्या टोकांनी पसरा, दाबू नका. पलीकडच्या कडेला बोटभर पट्टी मोकळी सोडा. भाताच्या फटींतून नोरी अधूनमधून दिसली पाहिजे. नवखे लोक इथेच हावरटपणा करतात. भात जास्त, जिन्नस त्याहून जास्त, आणि मग गुंडाळीचं तोंड मिटत नाही.

काकडीची पट्टी मध्यावर ठेवा. अंगठ्यांनी चटईची अलीकडची कड उचला, बाकीची बोटं काकडीला धरून ठेवू देत, आणि अलीकडची भाताची कड पलीकडच्या भाताच्या कडेवर एकदम टेकवा. हळूहळू लाटत जायचं नाही, एका उडीत पलीकडे. चटईवरूनच हलका दाब द्या, मग मोकळ्या पट्टीवर लोळवा. सांधा खाली करून मिनिटभर ठेवा. भाताच्या ओलाव्याने तो आपोआप चिकटतो.

कापताना सुरी धारदार हवी आणि प्रत्येक कापाआधी ओल्या फडक्याने पुसलेली. खाली दाबू नका, स्वतःकडे ओढत कापा. आधी मधोमध, मग दोन्ही अर्धुकं शेजारी ठेवून प्रत्येकाचे तीन. 300 ग्रॅम तांदळाच्या भातात अशा आठेक गुंडाळ्या होतात. पहिल्या दोन वेड्यावाकड्या होतील. भात बाहेर असलेली उलटी गुंडाळी नंतर कधीतरी. निगिरी तर त्याहून पुढची गोष्ट. वीसेक ग्रॅम भाताचा गोळा असा दाबायचा की बोटांत टिकेल आणि तोंडात सुटेल, हे कारागीर वर्षानुवर्षं गिरवतात.

खाताना सोया सॉस बेताने. निगिरी असेल तर माशाची बाजू बुडवायची. भात बुडवला तर तो सॉस पिऊन फुटतो. हातानेच उचललीत तरी चालतं, निगिरी खायची ती जुनी रीतच आहे. गुलाबी आल्याचे काप सुशीवर ठेवायचे नसतात, ते दोन घासांमध्ये तोंड स्वच्छ करायला. आणि ट्यूबमधली हिरवी वासाबी बहुतेक वेळा पांढऱ्या तिखट मुळ्याची, मोहरी आणि रंग घालून केलेली असते. खरी वासाबी जागच्या जागी किसतात, कारण पंधरा-वीस मिनिटांत तिचा झणका उतरतो.

आणि गुंडाळी उसवलीच तर? भात वाडग्यात पसरा, काकडी, ऑम्लेट, कोळंबी वरून मांडा, नोरी कात्रीने बारीक कापून भुरभुरा. याला चिराशी म्हणतात, म्हणजे ‘विखुरलेली’ सुशी. 3 मार्चला मुलींच्या सणाला, हिनामात्सुरीला, जपानी घरांत ती मुद्दाम करतात. माझं ते पहिल्या दिवसाचं वाडगं जवळजवळ तेच होतं. तांदूळ तेवढा चुकला होता.